दोऱ्याखालचा सांधा

ताक मान-सूच्या ट्रकला गावात म्हातारा सासरा म्हणत. स्टिअरिंग फिरवलं की तो आधी विचार करायचा आणि मग वळायचा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याने विचार करायला जरा जास्त वेळ घेतला आणि खिंडीखालच्या सातव्या वळणावर मान-सूसकट रस्ता सोडला. कोबी अर्ध्या उतारावर घरंगळला. ट्रकला लार्चच्या दोन झाडांनी अडवलं. मान-सूला स्टिअरिंगच्या चाकाने, छातीत.

गावाने कारण शोधायला वेळ घालवला नाही. दुपारी शेवयांबरोबर मान-सूने तांदळाच्या दारूचे दोन वाडगे घेतले होते. मयताच्या पहिल्या दिवशी ते दोन वाडगेच होते. तिसऱ्या दिवशी त्यांची केटली झाली. आणि ही वाढ करणारी मंडळी त्याच्याच बायकोने वाढलेलं मटणाचं कालवण खात, तिनेच मांडलेली दारू पीत बसली होती. त्या बायकोच्या, ओम बुन-ओकच्या, कानावर सगळं पडत होतं. ती वाढत राहिली.

बाराव्या दिवशी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला बांधून तिने ट्रक हाम गी-चोलच्या गॅरेजात आणला. चार गावांत मिस्त्री एकच, तो हाम. कोबीची तीन शेतं अजून उभी होती, दहिवर गोठायच्या आत माल खाली जायला हवा होता, आणि आता तो तिलाच न्यायचा होता. लायसन तिच्याकडे होतं. पुढचा पत्रा वाकडा राहिला तरी चालेल म्हणाली. चालायला हवं तेवढंच करा.

मग जाता जाता थांबली.

"गी-चोल भावजी, गाडीत काही बिघाड होता का, तेवढं मला सांगा. नसेल तर तसं सांगा. मग मी त्याच्यावर एकदाची मनापासून रागावते. हे असं अर्धवट रागावून झोप लागत नाही."

हाम म्हणाला, बघतो.

ती दिसेनाशी झाल्यावर तो पाठीवर झोपून ट्रकच्या पेडलांपाशी शिरला. हातातली बॅटरी वर धरली, आणि माशाने त्याच्याकडे पाहिलं.

नऊ वर्षांपूर्वी मान-सूने हा ट्रक जुनाच घेतला, तेव्हा रीतसर पूजा झाली होती. बॉनेटपुढे डुकराचं मुंडकं मांडलं, चाकांवर दारू ओतली. बर्फात वाळवलेला मासा पांढऱ्या सुताने गाडीत बांधायचा असतो. त्याचे डोळे कधी मिटत नाहीत, म्हणून पहारा त्याच्याकडे. लोक तो सीटखाली ठेवून मोकळे होतात. बुन-ओकने तसं केलं नाही. नवऱ्याच्या हातातला जोर जिथून चाकांकडे जातो तिथेच बांधणार म्हणाली, आणि पूर्ण लडी स्टिअरिंगच्या दांड्याच्या सांध्याभोवती गुंडाळली. हामने तेव्हा डुकराचा कान चावत तिचं कौतुक केलं होतं.

आणि एप्रिलमध्ये मान-सू आला होता. वळताना टकटक वाजतं म्हणाला, चाक नुसतंच हलतं, फार प्ले आलाय. हामने आत हात घातला, बोटांना सूत लागलं, हात बाहेर आला. पूजेचा दोरा कापायचा नाही, हे या डोंगरात कोणी कोणाला शिकवत नाही. चर्चला जाणारा पोस्टमास्तरसुद्धा कापत नाही. तेव्हा त्याने स्टिअरिंग बॉक्सचा पेच अर्धा आटा आवळला. प्ले निम्म्यावर आला. मान-सू खूश होऊन बटाट्यांची टोपली ठेवून गेला.

आता हामने दोरा कापला. बाहेरून मळकट करडं असलेलं सूत आत गंजाने विटकरी निघालं. सांध्यातल्या बेअरिंगच्या बारीक सुया झिजून त्यांची गंजकट पूड झाली होती. बेअरिंगची एक वाटी सरकून पडली होती आणि मधल्या फुलीसारख्या क्रॉसचा एक हात भोकातून निसटला होता. हामने वरचं चाक फिरवलं. खालचा दांडा ढिम्म हलला नाही.

तो बाहेर येऊन टायरवर बसला. माणसं तोलायची त्याला सवय होती. आता स्वतःला तोलायची पाळी आली. गप्प राहिलं तर दारूवर भागत होतं, कोणी विचारणारही नव्हतं. सांधा सांगितला तर मान-सू सुटत होता. पण सांध्याबरोबर दोरा आला, म्हणजे बुन-ओकची बोटं आली. दोन सिगारेटी संपल्या तेव्हा त्याचं ठरलं होतं.

क्रॉस किनाऱ्यावरच्या शहरातून आला. हामने दांड्यावर खुणा करून जुना सांधा काढला, दांड्याला नवा क्रॉस बसवला, वाट्या शिकंज्यात दाबून घेतल्या, कड्या अडकवल्या, ग्रीस भरलं, खुणेला खूण लावून बोल्ट आवळले. इतकं जपून काम त्याने नव्या गाडीवरही केलं नव्हतं.

बुन-ओक आली तेव्हा जुना सांधा वर्तमानपत्रावर ठेवलेला होता.

"बिघाड होता वहिनी. दारू नव्हती. हे निसटलं. त्याने चाक फिरवलं असणार, पण खाली काही पोचलंच नाही."

तिने लोखंड उचलून हातात धरलं. "एप्रिलमध्ये तुम्ही पाहिलं होतंत ना?"

"नाही पाहिलं. कंटाळा केला. वरच्या वर पेच आवळला आणि पाठवला."

तिने मासा मागितला. त्याने तो स्वच्छ कागदात बांधून ठेवलाच होता. मग तिने दोरा मागितला. कुजला होता, टाकला, असं हाम म्हणाला; पण बोलताना त्याची नजर चिंध्यांच्या डब्याकडे गेली, आणि बाजारात तीस वर्षं कोबी विकलेल्या बाईला एवढी नजर पुरते. तिने डब्यात हात घातला. सूत उलगडून आतली विटकरी बाजू पाहिली. अंगठा त्यावरून फिरवला.

"इतकी वर्षं आमच्या गाड्या तुमच्याकडे येतात," ती म्हणाली. "तुम्हाला कंटाळा करताना कोणी पाहिलं नाही, भावजी."

हामने चिंध्यांचा डबा पायाने बाकाखाली सारला.

"सात गाठी मारल्या होत्या मी. सुटू नये म्हणून." तिने दोरा खिशात कोंबला. "गावात काय सांगणार?"

"सांधा गेला होता, मी पाहिला नाही."

"एवढंच?"

"एवढंच आहे."

त्याच संध्याकाळी गावच्या सभागृहात, पत्ते खेळणाऱ्यांसमोर उभं राहून त्याने तेवढंच सांगितलं. त्यांनी डाव थांबवून ऐकलं, आणि मग वाडग्यांचं झालं तेच सांध्याचं झालं. आठवड्याभरात हाम सगळ्यांनाच भंगारातले भाग घालतो असं ठरलं. गाड्या घाट उतरून दुसऱ्या मिस्त्रीकडे जाऊ लागल्या. मान-सूची माफी कोणी मागितली नाही. कापणीच्या सणाला मात्र, तो प्यायला होता म्हणणाऱ्यांनीच त्याच्या थडग्यावर दारूच्या तीन बाटल्या ओतल्या.

ऑक्टोबरात हामच्या दारात एकच गाडी आली, बुन-ओकची. मासा काचेमागे नुसताच ठेवलेला होता, दोऱ्याशिवाय. काही वाजतंय का, हामने विचारलं. नाही, म्हणाली. खाली उतरून तिने बॅटरी स्वतःच हातात घेतली आणि पेडलांपाशी उजेड धरला.

"आत बघा."

तो वाकला. दांडा उघडा होता, ग्रीसने चकाकत होता.

"बघितलंत?"

"बघितलं, वहिनी."

तिने उजेड आणखी जवळ नेला.

"परत बघा," ती म्हणाली.

त्याने परत पाहिलं.