बाबाचा लोटा आणि लाल फडकं

मारुतीच्या पारापुढं मुंगी शिरायला जागा नव्हती. निजामी अमलाचं अखेरचं वर्ष, जाफराबाद भागात आधीच अफवांना ऊत आलेला. आठ दिवसांपूर्वी गावात उपटलेल्या बाबानं ताहेरा पिंजारणीच्या घरचं पाणी आपल्या पितळी लोट्यात ओतलं, हळदीनं पिवळं केलेलं फडकं त्यात बुडवलं आणि वर काढलं, तर ते लालभडक. विहिरीत विष कालवणारं घर देवानं दाखवलं, असं बाबा म्हणाला. हे मुसलमान आळीत बोललात तर कोप होईल, अशी तंबीही त्यानं दिली. लोकांनी हात जोडले.

गोजरबाईला शिसारी आली. तिचा जन्म कुंकू करण्यात गेलेला. हळद कशानं लाल होते हे तिला दुसऱ्यानं सांगायला नको होतं. पण बाबापेक्षा जास्त किळस आली ती गाववाल्यांची. ताहेराच्या सासऱ्यानं भरलेल्या गाद्यांवर झोपणारी ही माणसं तिचं घर पेटवायच्या गोष्टी करत होती.

ती तडक ताहेराकडं गेली. तिथं बैलगाडीत सामान भरणं चाललं होतं. खोदून विचारल्यावर ताहेरानं सांगितलं, की हाच बाबा काल मशिदीमागं आला होता, काकासाहेब पाटलांच्या घरचं पाणी त्यानं असंच लाल करून दाखवलं आणि हिंदूंपाशी बोलू नका म्हणाला. ज्वारीची पोती त्यानं दोन्हीकडून उचलली होती. अफवांपायी आठ दिवस दोन्ही आळ्यांत अबोला होता, म्हणूनच हे खपलं.

"चल माझ्यासंगं," गोजरबाई म्हणाली.

"मावशी, मारून टाकतील."

"आधी मला मारावं लागंल."

वाटेत तिनं पाटलीणबाईंकडून तांब्याभर पाणी घेतलं. ताहेराला गर्दीमागं थांबवून, पारावर येऊन ती बाबाला म्हणाली, ताहेराकडचं आणखी पाणी आणलंय, महाराज, परत दाखवा. बाबा खुशीनं तयार झाला. फडकं पुन्हा लाल.

"हे पाणी काकासाहेबांच्या रांजणातलं हाय. पाटलीणबाईनं आत्ता भरून दिलं."

गर्दीतला कडूबा म्हणाला, "म्हंजे या पिंजाऱ्यांनी पाटलाच्या रांजणातबी विष टाकलं." आणि भोवतालच्या माना डोलल्या. गोजरबाईला थुंकावंसं वाटलं.

तिनं ताहेराला पुढं केलं. मशिदीमागचा सगळा प्रकार ताहेरानं सांगितला. बाबाचे तेच शब्द, तीच तंबी. लोक एकमेकांकडं बघू लागले. तेवढ्यात गोजरबाईनं बाबाचा लोटा हिसकावून घेतला, आतून नखानं खरवडला आणि पांढरं नख काकासाहेबांपुढं धरलं.

"चुना हाय. हळदीला चुना लागला की ती लाल होती. मी कुंकू करून राह्यले तीस वर्सं."

तांब्यात उरलेलं तेच पाणी तिनं स्वच्छ वाटीत ओतलं, बाबाजवळचं हळदीचं दुसरं फडकं त्यात बुडवलं. ते पिवळंच राहिलं. नखातला चुना लावताच लाल झालं. बाबा मागच्या मागं सटकू पाहत होता. काकासाहेबांनी त्याला धरून बसवलं.

गोजरबाई सगळ्यांना म्हणाली, "शेजाऱ्याबद्दल काही ऐकलं तर आधी शेजाऱ्याला इचारा. त्याचं पाणी पारखायचं तर त्याच लोट्यात आपलंबी ओतून बघा. एवढी अक्कल देवानं सगळ्यांना दिली."

कडूबा खाली मान घालून ताहेराच्या गाडीतलं सामान उतरवायला गेला. ताहेरानं त्याला गाठोड्याला हात लावू दिला नाही.