दोन आणि तीनच्या मधला वायसर

एक्क्याण्णव साली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आली, तेव्हा गिरधरनाना आपली जुनी पांढरी अमेरिकन गाडी घेऊन फैजपूरला तोताराम मिस्त्रीच्या गॅरेजात आले.

"तोताराम, स्टेअरिंग लई हलकं झालं रे. नुसतं बोट लावलं तं गाडी केळीच्या बागात घुसते."

"पॉवर स्टेअरिंग आहे नाना, हलकं तं राहीनच. तुम्हीच मिरवायचे ना, लोण्यातून सुरी फिरते म्हणून!"

"आता माशी बसली तरी वळते. परवा सुनंदाले आणाले शिरपूरले जायचं आहे."

नानांना एकच लेक. आखाजीला तिला माहेरी आणायला मुऱ्हाळी म्हणून ते स्वतः गाडी चालवत जात. लग्नाला अकरा वर्षं झाली, एकही आखाजी चुकली नव्हती.

तोतारामनं गाडी यावलच्या रस्त्याला घातली. सुतासारखी सरळ गेली. मग त्यानं नानांना चालवायला बसवलं, आपण शेजारी बसला. आणि त्याला दिसलं. नानांचा उजवा हात थरथरत होता, अंगठा नि बोट जणू न दिसणारी वात वळत होते. हाताची थरथर चाकांत उतरत होती आणि एवढी थोरली गाडी वाऱ्यावरच्या केळीच्या पानासारखी हेलकावत होती.

तोतारामनं गाडी थांबवायला सांगितली. त्यानं बॉनेट उघडलं. पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये पातळ वायसर, म्हणजे वॉशरची चकती, घातला की तेलाचा दाब उतरतो, स्टेअरिंग जड होतं. एक घातला. गाडी हेलकावतच राहिली. दुसरा घातला, जराशी निवली. तिसरा घातला आणि गाडी सरळ धावली. नाना लहान पोरासारखे हसले.

मग वळण आलं. नानांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढलं. वळेना. तोतारामनं हँडब्रेक खेचला तेव्हा गाडी पाटाच्या काठावर थांबली.

"जड झालं," नाना म्हणाले. "एक काढ."

"काढला तं पुन्हा हालते."

"मग अर्धा ठेव."

दुसऱ्या दिवशी दुपारभर तोताराम वायसर कानशीनं घासत बसला. कागदासारखा पातळ केला. घालून पाहिला, काढला, पुन्हा घासला. दोन आणि तीनच्या मधली जागा काही सापडेना. ती पंपात नव्हतीच. पलीकडं निंबाच्या झोक्यावर बाया गात होत्या:

आला मुऱ्हाळी मुऱ्हाळी, गाडी वेशीत लागली
बाप उतरला खाली, सासू अदबीनं वागली

"नाना, मी येतो चालवाले."

"येशील बापा. अन् ती इचारीन, नाना, तुम्ही काऊन नाही चालवली? तिले काय सांगू?"

म्हणजे हाताचं नानांनाही ठाऊक होतं.

सकाळी ते एसटीनं शिरपूरला गेले. संध्याकाळी सुनंदा स्टँडवर उतरली ती तडक गॅरेजात आली. मागं नाना, हात उपरण्यात गुंडाळलेले.

"काय हो तोतारामभाऊ! एवढंसं स्टेअरिंग नाही जमलं तुमाले? अन् म्हणे मिस्त्री! माह्या बापाले एसटीत उभं राहून यावं लागलं."

तोतारामनं नानांकडं पाहिलं. उपरण्याच्या आत काहीतरी हलत होतं, पाखरू धरून ठेवल्यासारखं.

"नाही जमलं ताई," तो म्हणाला. "माह्याच्यानं नाही झालं."