पाणचाकाची ओढ

फेरे वीस, उजेड नाही

घड्याळजींनी पाणचाकाच्या कडेला खडूची रेघ मारली, थांबघड्याळ हातात धरलं आणि मोजायला सुरुवात केली. मिनिटाला वीस फेरे. पुन्हा मोजले, वीसच. तिसऱ्यांदाही वीस आले तेव्हा स्वारी अशी खूश झाली, जणू ओढ्यानं त्यांना विचारूनच वाहायचं ठरवलं होतं.

थांबा, घाई झाली. चाकाआधी डोळ्यांचं सांगायला हवं.

चाळीस वर्षं ज्या नजरेनं केसाएवढ्या स्प्रिंगा सरळ केल्या, तिला आता खिडकीतलं ऊन लागायचं, आणि या घराच्या खिडकीत ऊन टिकायचं जेमतेम दोन तास. घर ओढ्याकाठी, विजेच्या शेवटच्या खांबापासून बरंच लांब. तार कधी येणार, याचं उत्तर कार्यालयात प्रत्येक टेबलावर वेगळ्या शब्दांत मिळायचं, अर्थ मात्र एकच असायचा. त्यात शहरातल्या दुकानदारानं दुरुस्तीची तेवीस घड्याळं एका पेटीत भरून पाठवली होती. सोबत निरोप: "महिन्याभरात झाली नाहीत तर राग मानू नका, पण पुढचं काम दुसऱ्याला देईन." माणूस वाईट नव्हता. म्हणून तर निरोप जास्त लागला.

म्हणून पाणचाक. सुतारानं पुरुषभर उंचीचं करून दिलं. कडेला पाणी झेलणारे कप्पे, वरून पन्हळीचं पाणी. भंगारातून एक चुंबकाची मोटर मिळाली. ती बाहेरून फिरवली की वीज देते, पण तिला मिनिटाला सहाशे फेरे हवेत. चाकाचे वीस. म्हणजे तीसपट वेग वाढवायचा.

दाते कापणं घड्याळजींच्या हातचा मळ. तीन आठवडे खपून त्यांनी पितळेच्या दातेरी चाकांच्या तीन जोड्या केल्या. एक वेग दुप्पट करणारी, दुसरी तिप्पट, तिसरी पाचपट. तीन आठवड्यांत पेटीतली दोन घड्याळं झाली. एकवीस राहिली.

फेरे सहाशे, उजेड नाही

"ताई, ऐक!"

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. तीस वर्षं पिठाची गिरणी चालवून, गिरणी विकून, भावाच्या घरी आलेली. येताना दोन गोष्टी घेऊन आली: गिरणीचा जुना कापडी पट्टा आणि कुणाचंही ऐकून न घेण्याची सवय.

"काय ऐकू? काहीच ऐकू येत नाही."

"तेच ऐक! तीन जोड्या फिरताहेत, खरखर नाही की खडखड नाही. आणि चाल बघ, कशी एकसारखी!"

"चाल छान आहे. ओढ किती?"

"कसली ओढ?"

"अरे, दिवा लाव की. रिकामी गिरणी माझीही गाणं म्हणायची. दाणे पडले की खरा आवाज कळायचा."

घड्याळजींनी गाडीच्या दिव्याचा बल्ब जोडला.

फेरे मोजवेनात

चाक मंदावलं. मोटरला जोडलेल्या व्होल्टमीटरचा काटा बारावरून उतरत उतरत चारावर आला. बल्बमधली तार लालसर झाली, तापलेल्या सळीच्या टोकासारखी, आणि तेवढ्यावरच राहिली. त्या उजेडात घड्याळ सोडा, घड्याळजीही नीट दिसले नसते.

इथं एक सांगून टाकतो, कारण ते स्वतःहून कबूल करणार नाहीत. घड्याळाला स्वतःचे काटे सोडले तर काही ओढावं लागत नाही. त्यामुळे ज्यानं जन्मभर घड्याळंच केली, तो यंत्र पारखतो ते नुसत्या चालीवरून. मोकळ्या चाकाचे फेरे मोजून त्यावर दाते बसवायचे, ही चूक लोहाराच्या हातून झाली नसती, न्हाव्याच्याही नाही. ती करायला उत्तम घड्याळजीच लागतो.

"जड जातंय त्याला," ते म्हणाले. "तीसपट फार झाली. पंधरावर आणतो."

"वाढव."

"काय?"

"साठाच्या आसपास ने."

"ताई, आधीच दमलंय ते!"

"दमलं नाही, उपाशी आहे. बल्ब काढ आणि कप्प्यांकडे बघ."

मोकळं झालेलं चाक पुन्हा भरभर फिरू लागलं. कप्पे पन्हळीखालून इतक्या घाईनं जात होते, की अर्धेही भरत नव्हते. निम्मं पाणी बाहेरच उडत होतं. ताईनं पदर खोचला आणि चाकाची कड दोन्ही हातांनी धरली. चाक हळू झालं. आता एकेक कप्पा पन्हळीखाली थांबल्यासारखा करून काठोकाठ भरू लागला. एक, दोन, चार, पाच. ताईच्या दंडाच्या शिरा वर आल्या. तिनं पाय रोवले, तरी चाक तिला घेऊन खाली चाललं.

"ही ओढ!" ती दातओठ खात म्हणाली. "हळू फिरतं तेव्हाच जोर असतो त्याच्यात. तू मोजलीस ती नुसती उधळपट्टी."

आणि तिनं हात सोडले. भरलेलं चाक हिसक्यानं सुटलं.

पहिल्या जोडीतून आवाज आला. फार मोठा नाही, सुपारी फोडल्याएवढा. पितळेचे सात दाते ओल्या दगडांवर पडले.

फेरे नाहीत, बोलणंही नाही

दुपारभर.

फेरे अकरा

"रागावलास?"

"तीन आठवड्यांचं काम होतं."

"सुंदर होतं रे. कुणाच्या मनगटावर शोभलं असतं."

घड्याळजींना हसायचं नव्हतं. हसू आलं.

मग त्यांनी ताईच्या सांगण्यावरून, एका फळीनं चाकाला मुद्दाम अडवून धरत, पुन्हा मोजलं. कप्पे भरलेले, चाक ओढीत, मिनिटाला अकरा. सहाशेला अकरानं भागलं तर पंचावन्नच्या जवळपास. ताईनं कागद मागितलाच नाही. "पाणचाकाच्या आसावर चार फुटी पुली, तिच्यावरून अर्ध्या फुटाच्या पुलीवर पट्टा. आठपट. मग त्या छोट्या पुलीच्याच दांड्यावर बसवलेल्या सायकलच्या रिंगेवरून मोटरच्या पुलीवर. सातपट. आठ सत्ते?"

"छप्पन्न."

"झालं की मग."

पुल्या घड्याळजींनी केल्या. लाकडी, आणि अशा सपाट, की पट्टी ठेवली तर खालून उजेड दिसू नये. पट्टा चढवला, पाणी सोडलं, आणि पट्टा सरकत सरकत कडेवरून खाली पडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला.

"कडेला कठडा करतो," ते म्हणाले.

"कठडा कशाला? मधे फुगव." ताईनं कापडाच्या चिंध्या फाडल्या आणि पुलीच्या बरोबर मध्यावर घट्ट गुंडाळल्या.

"फुगीर भागावरून तर लगेच घसरेल!"

"घसरत नाही, चढतो. पट्ट्याला अक्कल नसते. उंचवटा मिळाला की तिकडेच जातो, म्हणून मधे राहतो."

घड्याळजींचा विश्वास बसला नाही. पाणी सोडलं. पट्टा कडेवरून हलला, उंचवट्यावर चढला आणि तिथंच राहिला. घड्याळजी खाली वाकून बघत राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. चाळीस वर्षं चाकांमध्ये काढलेल्या माणसाला चाकाबद्दल नवीन काही समजलं, की तो असाच दिसतो: तोंड किंचित उघडं आणि चेहरा दुसरीतल्या पोरासारखा.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणी नाही. पट्टा पडला की गिरणी बंद, आणि गिरणी बंद की दारात रांग खोळंबलेली. चार शिव्या खाल्ल्या की सगळं सुचतं."

बल्ब जोडला. चाक मंदावलं, कप्पे भरले, पट्टा ताणला गेला, आणि काटा बारावर जाऊन बसला. टेबलावर पांढराशुभ्र उजेड पडला. घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं, पेटीतलं तिसरं घड्याळ उघडलं, आणि त्यातली स्प्रिंग त्यांना मुळापासून टोकापर्यंत दिसली.

त्यांनी ताईकडे पाहिलं. ती बाहेर जाऊन पन्हळीत अडकलेली पानं काढू लागली.

फेरे अकराच

आठवडा राहिला होता. सकाळपासून संध्याकाळपर्यंत रोज तीन घड्याळं. दुकानदार स्वतः आला तेव्हा टेबलावर तेवीस घड्याळं ओळीनं होती. त्यानं एकेक उचलून कानाला लावलं. तेवीसही.

"मान गये, घड्याळजी! या वयात हा हात!"

"हात राहू द्या हो. चला बाहेर." घड्याळजींनी त्याला मनगटाला धरून ओढतच ओढ्यावर नेलं. "ती पुली बघा. मधे फुगीर आहे. का, सांगा बघू? नाही ना येत? मलाही नव्हतं येत! आणि हे कप्पे, जितके हळू जातात तितके... अहो, माझे दाते मोडले सगळे. सात दाते! हिनं मोडले, आणि बरं केलं."

दुकानदाराला त्यातलं फारसं कळलं नसावं, पण घड्याळजी आजवर दुसऱ्याच्या कामाला 'ठीक' याच्यापुढं गेलेले त्यानं पाहिले नव्हते. तो कौतुकानं पुढं वाकला.

"ए! पट्ट्याजवळ हात नको!" ताई पलीकडून ओरडली. "माझं एक बोट गिरणीनं ठेवून घेतलंय, ते काय हौस म्हणून?"

दुकानदार दचकून मागं झाला, मग ओशाळून हसला. जाताना तेवीस घड्याळं गाडीत ठेवली आणि गाडीतून दुसरी पेटी काढून टेबलावर आणून ठेवली. पहिलीपेक्षा मोठी.

घड्याळजींनी खुर्ची पुढं ओढली आणि बाहेर हाक मारली, "ताई, पाणी बंद करू नकोस ग."