जिथे कोंबडा आरवत नाही

दत्तप्रसादने घरामागे दोन खोल्या बांधल्या, दारावर ‘समुद्रछाया’ अशी पाटी ठोकली आणि तो पाहुण्यांची वाट पाहू लागला. समुद्र तिथून दोन किलोमीटरवर होता आणि छाया माडांची होती. पण पाहुणेच येत नसल्यामुळे तक्रार करायलाही कोणी नव्हतं.

हे २००९ साल. आचऱ्यापासून जवळच्याच या गावात तो मुंबईची नोकरी सोडून परतला, त्याला दीड वर्ष झालं होतं. बायकोशी, म्हणजे यशोदाशी, त्याचा करार साधा होता. वर्षअखेरपर्यंत खोल्या चालल्या तर गावात राहायचं. नाही तर डोंबिवलीला, मेव्हण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं. मेव्हण्याने त्याच्यासाठी स्टूलही आणून ठेवलं होतं. ते स्टूल दत्तप्रसादच्या स्वप्नात येई.

वडील दाजी निकालासाठी थांबले नाहीत. त्यांनी एका खोलीत नारळ भरले.

“पाहुणो इलो काय काढतंय,” ते म्हणाले. “तवसर नारळ तरी ऱ्हवतले. ते चादर बदलूक सांगनत नाय.”

दत्तप्रसादने ब्लॉग काढला होता. प्रत्येक लेखात ‘मालवण’ हा शब्द अकरा वेळा येईल याची तो काळजी घेई. मालवण शोधणाऱ्याला हा ब्लॉग चौदाव्या पानावर सापडे, आणि तिथपर्यंत जाणारा जगात एकटा दत्तप्रसादच होता. काउंटरवर दिवसाला चार वाचक दिसत. त्यांतले तीन तो स्वतः.

दिवाळीत पुतणी संचिता आली. ती कुडाळला कॉम्प्युटरचा क्लास घ्यायची. तिने ब्लॉग शेवटपर्यंत वाचला. हे घरात प्रथमच घडत होतं.

“काका, तुमी ‘मालवण’ ह्या एका शब्दार रापण लावन बसलास. थंय मोठ्या हॉटेलांची जाळी आधीच पडली आसत. तुमी गळ टाका.”

“म्हणजे काय करू गो?”

“लाँगटेल कीवर्ड. ज्याका नुसता बघूचा आसा, तो एक शब्द लिवता. ज्याका खराच येवचा आसा, तो आख्खा गाऱ्हाणा घालता. ‘मालवणजवळ, गुडघे दुखतात म्हणून जिना नसलेली, शाकाहारी जेवणाची खोली.’ असा विचारणारे म्हयन्याक दहा. पण तेंका उत्तर देणारे एकटे तुमीच.”

गाऱ्हाणं म्हटल्यावर दत्तप्रसादला सगळं कळलं. दाजी देवळात गाऱ्हाणं घालायचे तेव्हा देवाला मोघम ‘बरा कर’ असं कधीच सांगत नसत. कोणाचा कोण, कुठल्या वाडीतला, कुठला गुडघा, उजवा की डावा, सगळं तपशीलवार. देवाला इतकं सांगावं लागतं, तर कॉम्प्युटरची काय कथा.

त्या दिवसापासून लोक काय लिहून ब्लॉगवर पोचतात ते तो पाहू लागला, आणि प्रत्येक गाऱ्हाण्याला एक लेख लिहू लागला. एक गाऱ्हाणं पुण्याहून आठवड्यात तीनदा आलं होतं: मालवणजवळचं शांत गाव, लाउडस्पीकर नको, कोंबडा नको.

लाउडस्पीकर गावात खरोखरच नव्हता. कोंबड्याबद्दल त्याने लिहिलं, ‘आमच्याकडे कोंबड्याचा आवाज जाणवत नाही.’ हेही खोटं नव्हतं. जन्मापासून ऐकत आल्यामुळे त्याला तो खरंच जाणवत नसे.

आठव्या दिवशी पुण्याच्या सबनिसांची मेल आली. निवृत्त गृहस्थ, सोबत पत्नी, डिसेंबरातले तीन दिवस. शेजाऱ्याने गच्चीत कोंबडा पाळल्यापासून चार वर्षं त्यांना झोप नव्हती. दत्तप्रसादने ती मेल यशोदाला दोनदा वाचून दाखवली.

मग देवदिवाळी झाली आणि देवाने कौल दिला. गावपळण. काही वर्षांनी एकदा देवाचा हुकूम होतो, आणि सगळं गाव घरांना कुलपं लावून वेशीबाहेर जातं. गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळ्यांसकट. तीन दिवस झोपड्यांत काढायचे. गावात पिल्लू म्हणून राहता कामा नये. आणि तारखा नेमक्या सबनिसांच्याच निघाल्या.

“देवाक तुमचो ब्लॉग आवडाक नाय,” यशोदा म्हणाली.

दत्तप्रसादने छातीवर दगड ठेवून पुण्याला फोन लावला.

“त्या दिवसांत तुमच्या गावात एकही कोंबडा नसणार?” सबनिसांनी खात्री करून घेतली.

“नसणार.”

“माणूस?”

“तोही नाही.”

“अहो, मग आम्ही येतोच!”

“पण तुम्हालाही तिथे राहता येणार नाही.”

“मग आम्ही कुठे असू?”

“कोंबड्यांबरोबर,” दत्तप्रसाद म्हणाला. खोटं बोलण्याची त्याची ताकद संपली होती.

तेवढ्यात फोन सौ. सबनिसांनी, म्हणजे सुभद्राबाईंनी घेतला. “आम्ही येतो,” त्या म्हणाल्या. “यांना इतकं खरं कोणी बऱ्याच वर्षांत सांगितलं नव्हतं.”

वेशीबाहेरच्या कातळावर दाजींनी पाहुण्यांसाठी झावळ्यांची वेगळी झोपडी उभारली. चाळीस पावलांत अख्ख्या गावच्या कोंबड्या होत्या. पहिल्याच पहाटे सबनीस बाहेर आले.

“दत्तप्रसाद, कोंबड्याचा आवाज जाणवत नाही असं तुम्ही लिहिलंय.”

“सवयीने नाही जाणवत.”

“किती दिवसांच्या?”

“माझं चव्वेचाळिसावं वर्ष चालू आहे.”

दाजींनी हे ऐकलं आणि नारळ मागवला. गावची तोंडं गोळा झाली.

“बा देवा म्हाराजा! पुण्यासून इललो ह्यो सबनीस, कोथरूडातलो, दुसऱ्या माळ्यार ऱ्हवता, उजव्या हाताक. शेजाऱ्याच्या कोंबड्यान चार वरसां ह्येची झोप उडयली. तेका नीज लागांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे ओरडले. सबनिसांनी हात जोडले. आपली तक्रार पत्त्यासकट कोणी नोंदवून घेतल्याचा त्यांचा हा पहिलाच अनुभव असावा.

तिसऱ्या दिवशी साडेआठ वाजले तरी ते उठले नव्हते. पायाशी कोंबडी बसली होती.

“नीज लागली,” दाजी म्हणाले, “नाय तर दमलो. देव काय ता सांगणा नाय.”

पुन्हा कौल झाला आणि गाव परतलं. सबनीस सर्वांच्या पुढे चालत होते. रिकामी घरं, रिकामे गोठे. ते थबकले.

“फारच शांत आहे हो,” ते जरा घाबरूनच म्हणाले, आणि मागच्या गर्दीत मिसळले.

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात काउंटरवर नवं गाऱ्हाणं दिसलं: मालवणजवळ गाव सोडून कोंबड्यांबरोबर राहायची सोय. नऊ जणांनी तेच लिहून ब्लॉग गाठला होता. सुभद्राबाईंनी त्यांच्या भिशीत काय सांगितलं ते त्याच जाणोत. त्यातल्या चौघांनी मेलही केली. दत्तप्रसादने सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं: ‘पुढची तारीख देव ठरवेल. तोवर खोली मिळेल. कोंबडा आहे.’

दोघांनी जानेवारीत येतो म्हणून कळवलं. यशोदाने स्वतःच डोंबिवलीला फोन केला आणि भावाला सांगितलं, स्टुलार दुसऱ्या कोणाक बसव.

दाजींनी सकाळपासून नारळ बाहेर काढले आणि दुपारपर्यंत ते दुसऱ्या खोलीत रचले.

“दोगे एकाच खोलयेत ऱ्हवतत मां?” त्यांनी विचारलं.