लॅपटॉपखालची गादी

दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन स्टुलावर बसून लॅपटॉपवर गेम खेळायचा, एवढंच काय ते चष्मेवाल्याचं व्यसन. पण गेमचा लॅपटॉप म्हणजे जमदग्नीचा अवतार, जरा काम सांगितलं की भडकलाच! त्याची मर्जी राखणं चष्मेवाल्याला बरोबर जमायचं. पंखे ब्रशनं साफ करायचा, प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट वाळली की खरवडून नवी लावायचा. बायकोचा वाढदिवस विसरेल, पण हे नाही.

मग सासूबाई राहायला आल्या. सोफ्याच्या गाद्या शिवण्याचा त्यांचा धंदा. हात सोन्याचा, जीभ कात्रीची. लग्नाला दोन वर्षं झाली तरी जावयाशी ‘हो’ आणि ‘नाही’च्या पुढे गाडी सरकली नव्हती. एवढा घोडा झालेला माणूस खेळतो कसला, हे त्यांचं मत त्याच्या कानावर आलं होतं. आणि एका संध्याकाळी पाहतो तर काय, टेबलावर लॅपटॉपशेजारी निळी, फोम भरलेली चौकोनी गादी! जवळपास लॅपटॉपच्याच मापाची. चष्मेवाला विरघळलाच. त्यानं लगेच लॅपटॉप उचलून तिच्यावर ठेवला.

आता फोमवर लॅपटॉप ठेवणं म्हणजे त्याच्या नाकातोंडावर उशी दाबणं. खालून हवा बंद झाली की जळू नये म्हणून प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि पडद्यावरचा शूर गडी ऐन लढाईत चिखलात रुतल्यासारखा चालतो. चष्मेवाल्याला हे पक्कं ठाऊक होतं. पण सासूबाई येता-जाता गादीकडे बघायच्या आणि ओठ आवळायच्या.

“वापरतोय की नाही, ते तपासतात,” तो बायकोला म्हणाला.

“मग सांग की, लॅपटॉप तापतो म्हणून.”

“तू सांग ना.”

“मी कशाला मध्ये पडू? आत्ता कुठे तुमचं जुळतंय.”

मग त्यानं एसी इतका वाढवला की बायको घरात शाल घेऊन फिरू लागली. तरी गडी अडकायचा तो अडकायचाच. गेममधल्या त्याच्या ऑनलाइन संघाचा कप्तान एक बेकरीवाला होता. तो हेडफोनमधून कडाडला, “रविवारच्या सामन्यात अडकलास, तर तुझ्या जागी माझा मेहुणा!” संघातली जागा चष्मेवाल्याला जिवापाड प्यारी होती. पण सासूबाईंनी पहिल्यांदाच काही प्रेमानं दिलेलं, ते काढून कसं ठेवायचं?

रविवारी सासूबाई सुई-दोरा घेऊन मागेच येऊन बसल्या. सामना सुरू झाला, पंखे घोंघावू लागले आणि गडी जागच्या जागी थिजला.

“अरे, हल की!” कप्तान ओरडला.

सासूबाईंनी उठून लॅपटॉपला हात लावला. “अगंबाई! हे तर तापानं फणफणलंय. काढा आधी ती गादी!”

“नको, आई. तुम्ही एवढ्या मायेनं लॅपटॉपसाठी शिवलीत. हरलो तर हरलो.”

“लॅपटॉपसाठी?” सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “अहो जावईबापू, तो काय माझ्या लेकीचा नवरा आहे? तुम्ही त्या लाकडी स्टुलावर तासन् तास बसता, उठताना कंबर धरता, म्हणून शिवली. आणि तुम्ही ती त्या डबड्याला देऊन टाकलीत. रोज बघतेय आणि गप्प बसतेय. वाईट वाटणार नाही का माणसाला?”

सासूबाईंनी लॅपटॉप उचलून गादी ओढून काढली. “उठा.” तो उठला. “बसा आता.” तो बसला. गादी चांगलीच शेकून निघाली होती.

पंखे शांत झाले, गडी पळू लागला, पण तोवर सामना हातचा गेला होता. कप्तान मेहुण्याचं नाव घेऊन काहीतरी बोलला. चष्मेवाल्यानं हेडफोन काढून ठेवला.

“हरलात ना?” सासूबाईंनी हळूच विचारलं.

“हरलो.” त्याचे डोळे भरून आले होते. “पण आई, बसायला फार बरं वाटतंय हो.”

“वाटणारच.” त्यांनी त्याच्या पाठीला टेप लावून माप घेतलं. “आता पाठीला एक शिवते. आणि खबरदार, तिला तुम्हीच टेकायचं!”