पाळण्यावरचा चिमटा

मी चिमटा बोलतोय. चुलीतला, लोखंडाचा. आयर्लंडच्या कॉर्क भागात, पार पश्चिमेला, समुद्राच्या वाऱ्यानं झाडंसुद्धा वाकडी वाढतात त्या गावातला. माझ्याकडून गोड गोड काही ऐकायला कुणी बसलं असेल, तर त्यानं खुशाल उठून जावं. मी रागावलेलो आहे, आणि लोखंडाचा राग लवकर निवत नाही.

माझा जन्म मर्टी लोहाराच्या भात्यापाशी झाला. त्याआधी मी एका मोडक्या गाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव होतो. मर्टीनं मला तापवलं, ठोकलं, दोन लांब पाय दिले आणि डोक्याशी खिळा मारून जोडले. गॉबनेटच्या लग्नात तिच्या भावानं, कॉननं, मला आहेर म्हणून नेलं.

"चांगला जड कर," तो मर्टीला म्हणाला होता. "बहीण माझी गरीब आहे. सासरी हातात काहीतरी वजनदार असू दे."

"मग घणच देतो की!" मर्टी हसत सुटला.

गॉबनेटच्या सासरी चूल कधी विझायची नाही. दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा तिच्यात कोळशासारख्या जळत राहायच्या. संध्याकाळी शेजारी येऊन बसायचे आणि बोलणं फिरून फिरून 'त्या भल्या माणसांवर' यायचं. टेकडीखाली राहणारी, मनात आलं तरच दिसणारी माणसं. भली का म्हणायचं? तर वाईट म्हटलं आणि त्यांनी ऐकलं तर काय घ्या!

"देवदूतच होते ते," म्हातारा लॉरी पाइप ओढत सांगायचा. "स्वर्गातून हाकलले. ते पडत असतानाच देवानं स्वर्गाची दारं लावून घेतली. जो जिथं होता तिथंच अडकला. कुणी समुद्रात, कुणी वाऱ्यात, कुणी आपल्या टेकडीत."

"काहीतरीच तुझं," गॉबनेटची सासू हॅना त्याला झटकून टाकायची. "माझी आजी सांगायची, आपल्या आधी हा मुलूख त्यांचाच होता. लढाईत हरले नि जमिनीखाली गेले. तो डूख अजून धरून आहेत. म्हणून तर आपली गोंडस पोरं पळवतात आणि त्या जागी पोराच्या रूपात आपलं रोगट म्हातारं ठेवून जातात."

खरं सांगतो, या गोष्टी मला आवडायच्या. हिवाळा लांबलचक, बाहेर पाऊस, आत धूर. गोष्ट नसेल तर माणसानं करायचं काय? पण एक मी बघत होतो. गाय आटली की एक नवी गोष्ट जन्माला यायची. होडी बुडाली की आणखी एक. ज्याचं उत्तर कुणापाशी नव्हतं ते सगळं त्या टेकडीखाली ढकललं जायचं.

गॉबनेटला मुलगा झाला. फिनीन. गुटगुटीत, तांबूस केसांचा. हॅनानं स्वतःच्या हातानं मला त्याच्या पाळण्यावर आडवा ठेवला. भली माणसं म्हणे लोखंडाला भितात. गॉबनेट विहिरीवर गेली की मी पहाऱ्यावर. एवढा काळ पहारा दिला, टेकडीवरून कुणी आलं नाही. एकदा फक्त कोंबडा आला आणि माझ्यावर घाण करून गेला.

मग पोराला ताप आला. जबर ताप. उतरला तेव्हा पायांतला जीव गेलेला होता. जे दोन-चार शब्द बोलायचा तेही गेले. मान एकीकडे कलती, तोंडातून लाळ. दिवसभर रडायचा. गप्प व्हायचा तो फक्त चुलीतल्या जाळाकडे बघताना. तेव्हा हसायचासुद्धा.

"आपल्या घराण्यात असं पोर कधी झालं नाही," हॅना म्हणाली.

"तापातून उठलाय तो, सासूबाई."

"तापातून उठलेली पोरं हुंदडायला लागतात. हा बघ कसा बघतोय. म्हाताऱ्यासारखा."

गॉबनेटचा नवरा डोनल काही बोलला नाही. तो कधीच काही बोलायचा नाही, आणि माझा सगळ्यात जास्त राग त्याच्यावर आहे. हळूहळू घरात फिनीनचं नाव घेणं बंद झालं. 'ते' म्हणायला लागले. 'ते रडतंय.' 'ते जेवलं का?' एक दिवस हॅनानं मला पाळण्यावरून उचलून चुलीकडे फेकलं.

"चोरी झाल्यावर कुलूप कशाला?" ती म्हणाली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तिनं सुनेला लोणी घेऊन धाडलं. गॉबनेट वळणापलीकडे गेली असेल नसेल, मेव्ह आत आली. ही गावातली जाणती, झाडपाला देणारी, भल्या माणसांच्या खोड्या ओळखणारी. दुपार होती, लख्ख ऊन पडलं होतं. असल्या गोष्टी अंधारात होतात असं ज्यांना वाटतं त्यांनी हे नीट ऐकावं.

मेव्हनं रानातल्या जांभळ्या घंटाफुलांचा रस पोराच्या तोंडात ओतला. पोर ओकलं.

"बघा, झोंबलं त्याला," ती म्हणाली. "आता लोखंड लाल करा. समोर धरून विचारा, तू कोण. नाही बोललं तर टेकवा. टेकवलं की पळेल, आणि तुमचा खरा फिनीन दारात उभा दिसेल."

डोनलनं मला जाळात खुपसलं. जन्मभर मी जाळातच वावरलो. पण त्या दिवशी माझी टोकं लाल होत गेली तेव्हा वाटलं, मर्टीनं मला केलं नसतं, चाकाबरोबर गंजून गेलो असतो तर बरं झालं असतं.

"विचार, डोनल," हॅना म्हणाली. तिलाही नातू परत हवा होता. तेवढ्यानं मी तिला माफ केलेलं नाही.

"बोल," डोनल म्हणाला. "कोण आहेस तू?"

फिनीननं माझ्या लाल टोकांकडे बघितलं आणि तो हसला. उजेड आवडायचा ना त्याला. त्यानं हात पुढे केला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. वाटेत लॉरीनं गॉबनेटला सहज विचारलं होतं, "मेव्ह तुमच्याकडे वळलेली दिसली. कोण आजारी आहे गं?" लोणी तिथंच टाकून ती पळत आली होती. आली ती थेट माझ्यावर. उघड्या हातानं तिनं मला धरलं, लाल टोकांशीच. मांस जळाल्याचा आवाज झाला. तिनं सोडलं नाही. सोडलं डोनलनं.

"विचार ना," ती म्हणाली. "मला विचार कोण आहे मी. ह्याची आई आहे. अजून कुणाला विचारायचंय?"

"सूनबाई, तुला कळत नाहीये, ते आपलं नाही गं..."

"तुमचं नाही ना? मग माझं. एकटीचं." ती मेव्हकडे वळली. "आणि तू, चालती हो. नाहीतर हा तुझ्या तोंडाला लावीन."

मेव्ह शाल सावरत गेली. गॉबनेटनं हात पाण्यात बुडवला, मलाही बुडवून गार केलं, पोराला पाठीशी बांधलं, मला काखेत मारलं आणि ती भावाच्या गावाला चालत निघाली. तिला कुणी अडवलं नाही.

पुढच्या रविवारी डोनल कॉनच्या फाटकाशी येऊन उभा राहिला.

"घरी चल," तो म्हणाला.

"त्याचं नाव घे."

तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. तिनं पाठ फिरवली. वसंतात तो परत आला आणि फाटकाबाहेरूनच म्हणाला, "फिनीन." मग रडला. तिनं फाटक उघडलं, त्याला ताक दिलं, पोराला त्याच्या मांडीवर ठेवलं. पण त्या घरी ती पुन्हा कधी गेली नाही.

फिनीन कधी धड चालला नाही. बोलायला लागला, तुटक तुटक. दारातून येणाऱ्याला नुसत्या खोकल्यावरून ओळखायचा आणि नावानं हाक मारायचा. बटाटे सोलायचा, मामाच्या पोरांना झोपवायचा. केस पांढरे होईपर्यंत जगला. गॉबनेटच्या उजव्या हाताची बोटं वाकडीच राहिली. ती डाव्या हातानं गाय पिळायची.

आता मी रस्त्याकडच्या एका दारूच्या गुत्त्यात भिंतीवर टांगलेला आहे. एका बाजूला कोळ्याचं जाळं, दुसऱ्या बाजूला गाढवाच्या गळ्यातला पट्टा. त्या भल्या माणसांना आता पऱ्या म्हणतात. मालक पाहुण्यांना सांगतो, "पूर्वीच्या आया पऱ्यांपासून बाळाला जपायला हा ठेवायच्या." पाहुणे "किती गोड!" म्हणून फोटो काढतात. शेजारच्या दुकानात फुलपाखराचे पंख लावलेल्या पऱ्या विकायला ठेवल्यात. पंख!

परवा माझ्या खाली एक तरुण आई बसली होती. तिचा मुलगा चार-पाच वर्षांचा असेल, बोलत नव्हता, चमचा ताटावर आपटत होता. पलीकडच्या टेबलावरची बाई हसून म्हणाली, "पऱ्यांनी बदलून ठेवलेला दिसतोय हा!" आईचा घास हातातच राहिला. मग तिनं हळूच चमचा काढून घेतला आणि मुलगा किंचाळला.

मला भिंतीवरून उडी मारता येत नाही. बोलता येतं, तेवढं बोलतो. टेकडीखालच्या माणसांच्या गोष्टी सांगा. लॉरीसारख्या रंगवून सांगा, मलाही ऐकायच्या आहेत. पण समोरचं पोर कुणाचं आहे हे त्या गोष्टींना विचारू नका. आणि बाई, तुमच्या मुलाचा चमचा त्याला परत द्या. वाजवू दे त्याला. मला त्रास होत नाही.