बिनओंडक्याची बंडी

लटारूमामाची बैलबंडी धानासकट बोडीत, गावच्या तळ्यात गेली. आता असं काही घडलंच नाही असं धरून पुढं चला. अंकुशही तसंच धरून चाललाय.

अंकुश चंद्रपूरला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. रविवारच्या सुट्टीत पोंभुर्ण्याकडं मामाच्या गावी आला, तेव्हा मामा भरलेल्या बंडीमागं बाभळीचा ओंडका बांधत होता. बोडीकडच्या उतारावर ओंडका मागं फरफटतो, बंडी बैलांच्या अंगावर जात नाही. गावात सगळेच बांधतात.

"हे काऊन बांधून राह्यले, मामा?"

"उतार हाय ना, भाच्या."

अंकुशनं मोबाइलवर कोन मोजला. पंधरा अंश. घर्षणाचा आकडा पुस्तकाच्या तक्त्यातून उचलला. धानाच्या पोत्यावर कोळशानं गणित मांडून उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. "बंडी घसरूच शकत नाई. न्यूटननं सांगून ठेवलं."

"त्याची बंडी कोन्ती होती?" मामानं मनापासून विचारलं.

मामा तीस वर्षं बंडी हाकत होता. पण घरातला पहिला इंजिनिअर बोलत होता. त्यानं ओंडका सोडला.

पुस्तकातल्या ठोकळ्याला चाकं नव्हती, हे अंकुशला बंडी अर्ध्या उतारावर असताना आठवलं. बैल जीव घेऊन पुढं, बंडी त्यांच्या मागं, मामा कासऱ्याला लोंबकळलेला, आणि अंकुश वरून ओरडतोय, "घसरून नाई राह्यली मामा, गडगडून राह्यली!"

ते शास्त्रानुसार अगदी बरोबर होतं.

बैल बोडीत उभे राहून निवांत पाणी पिऊ लागले. पोती भिजली. गाव जमलं.

"काय झालं, लटारूभाऊ?" शेजारच्या इंदुताईनं विचारलं.

मामानं भाच्याकडं पाहिलं. धोतर पिळलं. "ओंडका बांधाचाच भुललो, बाई."

"तीस वर्सं हाकून? म्हातारे झाले तुमी! घरी बसून शेंगा फोडा आता."

सगळे हसले. मामाही हसला.

"इंजिनिअर भाऊ," इंदुताई म्हणाली, "तुमीच शिकवा बाप्पा मामाले."

अंकुशनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात पोचताच त्यानं विभागप्रमुखांच्या नावे अर्ज लिहिला: "तरी सदर बंडीस बिनचाकी ठोकळा समजण्यात यावे, हा निर्णय काल सकाळी साडेनऊपासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करावा, तसेच अर्जदाराने डोलावलेली मान डोलावली नाही असे धरण्यात यावे, ही नम्र विनंती."